शारीरिक शिक्षा, शालेय

गैरवर्तन वा अभ्यासातील हयगय यांबद्दल शिक्षकाने विद्यार्थ्यास देहपीडा देण्याची प्रथा. छडी मारण्याबरोबरच अंगठे धरावयास लावणे, कोंबडा करणे, उठाबशा, उन्हात उभे करणे इ. प्रकार तीत मोडतात.

पंतोजींच्या जुन्या शाळांत छडी ही धुळाक्षरांइतकीच नित्याची होती. सरकारी शाळा निघाल्यावर पंतोजीच्या जागी मास्तर आला. छडी मात्र राहिली. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्‌भावपूर्वक केलेल्या कृतीस संरक्षण दिले. मुलाला शाळेत घालतानाच ही संमती मिळालेली असते, असा युक्तिवाद शिक्षकांच्या वतीने दीर्घकाळ केला गेला. ताराबाई मोडक यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे भयमुक्त बालशिक्षणाचे प्रयोग केले. पण ते शिशुवयापुरते होते.

धोका पौगंडावस्थेतही कमी नसतो. कानशिलात मारल्याने कानाचा पडदा फाटू शकतो. सवय नसलेल्या मुलाने एका दमात शे-दोनशे उठाबशा काढल्यास स्नायुतंतूंचा नाश होऊन त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवी चहासारखी गडद होणे, हे त्याचे लक्षण. ते थकवा समजून दुर्लक्षिले जाण्याचा संभव असतो. वर्गासमोर झालेल्या मानहानीने या वयात चिंता, नैराश्य व शाळेविषयी तिटकारा निर्माण होतो, आणि हा घाव वळासारखा दिसत नाही.

केंद्र शासनाच्या २००७ च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या सु. ६५ टक्के मुलांनी अशी शिक्षा भोगल्याचे सांगितले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने (२००९) १७ व्या कलमान्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु त्या अधिनियमातील ‘बालक’ ६ ते १४ वयाचे आहे. परिणामी आंधळगावसारख्या (जि. भंडारा) गावातील आठवीच्या मुलाला असलेले हे स्पष्ट संरक्षण तो नववी-दहावीत गेल्यावर उरत नाही. त्यानंतर आधार राहतो तो मुख्यतः बाल न्याय अधिनियमाच्या (२०१५) ७५ व्या कलमाचा. ते अठरा वर्षांपर्यंत लागू असले, तरी कृतीने मुलास ‘अनावश्यक’ पीडा होण्याचा संभव होता, हे त्यात दाखवावे लागते.