निवाडा ज्याच्या हाती

जबलपूरच्या जुन्या शहरात कुठूनही निघा, बडा फुहारा वाटेत लागतोच. भोवती कापडाची दुकानं, सराफा, अंधेरदेव, लॉर्डगंज. जवळच त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारं कमानिया गेट. 1817 मध्ये भोसल्यांचा अंमल संपून जबलपूर इंग्रजांकडे गेलं, तरी मराठी माणूस इथून गेला नाही. कुणी कचेरीत राहिला, कुणी शाळेत, कुणी रेल्वेत. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, तेव्हा काही जण तिकडे लागले. माझे आजोबा त्याच कारखान्यात कारकून होते. आम्ही ख्रिस्ती. ख्रिस्ती कुटुंबं बहुतेक सदरला, नाहीतर सिव्हिल लाइन्समध्ये राहत. आजोबांना मात्र खोली मिळाली ती फुहाऱ्यामागच्या गल्लीत, आणि लग्न होऊन आलेल्या माझ्या आजीचा संसार तिथेच सुरू झाला.

आजीच्या गोष्टी बहुतेक त्या गल्लीतल्या नळापासून सुरू होत. पहाटे नळाला पाणी येई. आजी रांगेत उभी राहिली की पुढच्या बायका आपापल्या घागरी बाजूला घेत. तोंडाने कुणी काही बोलत नसे. एकदा मात्र शेजारची एक मराठी बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पोटासाठी धर्म सोडलेली माणसं ही." आजी तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. घागर भरून ती घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली.

आजोबांची तऱ्हा निराळी. ते रविवारी उपासनेला जाताना खादी घालत. मार्च 1939 मध्ये त्रिपुरीचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू आजारी असूनही आले, सारं जबलपूर तिकडे लोटलं. आजोबाही निघाले. फुहाऱ्याजवळ कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालं, "साहब के आदमी यहाँ क्या कर रहे हैं?" आजोबा थांबले नाहीत, चालत राहिले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपण कुणाचे, हे त्यांना सांगत बसलो असतो तर भाषण चुकलं असतं."

आजीला एवढं सोपं गेलं नाही. 'पोटासाठी' हे बोलणं तिला लागलं, कारण त्यात तिच्या आईची कहाणी होती. माझी पणजी नर्मदाकाठच्या खेड्यातली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळून निघाला, त्यात जबलपूर जिल्ह्याचे फार हाल झाले. पणजीच्या घरात ती एकटीच वाचली. तिला नेलं पंडिता रमाबाईंच्या माणसांनी, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला. ती तिथे वाढली, तिथेच मराठी शिकली, आणि रमाबाईंची गोष्ट तिने आपल्या मुलीला दिली. आजीकडून ती माझ्याकडे आली. पुढे मी रमाबाईंविषयी वाचत गेलो, तेव्हा आजीने सांगितलेल्या गोष्टीचा मागचा-पुढचा भाग मला सापडला.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी पुराणं सांगत आईवडिलांबरोबर देशभर हिंडली, आणि 1870च्या दशकातल्या दुष्काळात तिने आई, वडील, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसं गमावली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्याविषयी निकाल द्यायला दोन्हीकडची माणसं पुढे सरसावली.

इकडे महाराष्ट्रात त्यांना धर्मबुडवी ठरवलं गेलं. तिकडे वाँटेजच्या जोगिणींना त्या गर्विष्ठ आणि हट्टी वाटू लागल्या, कारण त्या शाकाहार सोडेनात, पटल्याशिवाय धर्ममत मान्य करीनात, क्रॉसवरची अक्षरं लॅटिनऐवजी संस्कृतात हवीत म्हणत. आपला विवेक आपण कुणा बिशपाच्या स्वाधीन केलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. हिंदूंना त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि ख्रिस्ती वडीलधाऱ्यांना पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत.

मग 1893 साल उजाडलं. विधवांसाठी मुंबईत 1889 मध्ये काढलेलं शारदा सदन तोवर पुण्याला आलं होतं. इथे धर्म शिकवला जाणार नाही, असं वचन होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली जाऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. दिलेल्या वचनाचा अर्थ काय, हे विचारण्याचा हक्क पालकांना होता. पण प्रश्न विचारता विचारता त्या बाईच्या साऱ्या कामावरच कपटाचा शिक्का बसला. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. विधवांसाठी इतकं करणाऱ्या बाईला पुण्याने संशयिताच्या जागी बसवलं होतं.

अशा वेळी रमाबाईंना कशाने धरून ठेवलं? त्याचं उत्तर त्यांच्या इंग्लंडच्या दिवसांत आहे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना फुलहॅम इथे जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. ही माया येते कुठून, असं विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली बाई. येशूला तिचं सारं आयुष्य ठाऊक आहे, झाकून ठेवण्याजोगंही, आणि तरी तो तिच्याकडे पाणी मागतो.

ही गोष्ट केडगावला पणजीने ऐकली, आणि चुलीपुढे रडणाऱ्या आजीला ती त्याच दिवशी आठवली. आजी सांगायची, "बाळा, मला वाटायचं, देवाला ठाऊक आहे की मी चांगली आहे, मग झालं. पण तेवढ्याने मन शांत होईना. मग उमगलं, त्याला माझं वाईटही ठाऊक आहे. शेजारणीला ठाऊक नाही तेवढं. आणि तरी तो उठून गेला नाही."

या श्रद्धेतल्या दिलाशाचं मर्म मला इथेच दिसतं. 'माझं बरोबर आहे, जग चुकतंय' एवढ्यावर टिकणारा धीर दुसऱ्याच टोमण्याला खचतो, कारण मनातून आपल्यालाही आपले दोष ठाऊक असतात. सगळं जाणणारा आपल्याला टाकत नाही, हे पटलं की अर्धंमुर्धं जाणणाऱ्यांच्या निकालाची धार बोथट होते. करिंथकरांना लिहिताना पौलही हेच सांगतो: माणसांनी माझा न्याय केला तरी त्याचं मला फारसं वाटत नाही, मी स्वतःही माझा न्याय करत नाही, तो प्रभूकडे आहे.

असा दिलासा माणसाला घरात बसवत नाही. पुण्याने झिडकारल्यानंतर तीन-चार वर्षांतच रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळात उतरल्या. त्या हंगामात त्यांनी सुमारे 300 मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगची बंधनं होती, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर छपरं घातली. तिथूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. भुकेल्या पोरींना बाटवायला नेलं, असं तेव्हाही बोललं गेलं. रमाबाईंनी मुलींना वाचायला, विणायला, शेती करायला, छापखाना चालवायला शिकवलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते याच बायकांच्या हातून केडगावात छापलं गेलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याच सुमारास भाषांतराचं कामही पुरं होत आलं होतं.

शेजारणीच्या त्या टोमण्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे आजी घागर घेऊन पुन्हा नळावर गेली होती. त्या शेजारणीचं मत कधी बदललं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? तिच्या मनाचा हिशेब मी कशाला ठेवू? पाणी रोज लागायचं, मी रोज जायचे."

आज धर्मावरून माणसांविषयी मतं फार झटपट बनतात. मत बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या माणसाचं काम आधी बघा. आणि ज्यांच्याविषयी मत बनवून झालं आहे त्यांनी खुलासा एकदाच करावा, खरेपणाने करावा, आपली चूक असेल तर सुधारावी, आणि कामाला लागावं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.