रुपयाला नऊ

रहिमतपूरच्या बाजारात ‘भाव’ हा शब्द सतत कानावर पडतो. आल्याचा भाव, घेवड्याचा भाव, गुळाचा भाव. सट्टेवाल्यांच्या बोलीतही हाच शब्द आहे. एखाद्या संघाचा भाव ऐंशी पैसे, म्हणजे त्या संघावर रुपया लावला आणि तो जिंकला, तर रुपया परत आणि वर ऐंशी पैसे. हल्ली आमच्याकडची कॉलेजची पोरं सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर एनबीएचे बास्केटबॉल सामने बघतात. अमेरिकेत तेव्हा आदली रात्र असते. त्यातल्या काहींनी मला विचारलं, संघाच्या नावाशेजारी १.९१ किंवा −११० असं लिहिलेलं असतं ते काय? ते ‘ऑड्स’, म्हणजे सट्ट्यातला भावच. पण तो समजावताना मला बास्केटबॉलपेक्षा मटकाच जास्त उपयोगी पडला.

मटक्याचा जन्म खऱ्याखुऱ्या बाजारभावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रुई कितीला उघडली आणि कितीला बंद झाली, हे आकडे तारेने मुंबईत यायचे आणि लोक त्यांच्यावर पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्यातले शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणं थांबलं. कापूस गेला, पण पैसे लावणारे होतेच. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’ मटका काढला. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढायचे म्हणून नाव पडलं मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, नाव तेच राहिलं. गिरणगाव ही त्याची मोठी पेठ. त्या गिरण्यांत साताऱ्या-सांगलीची माणसं हजारोंनी होती, त्यामुळे मुंबईचा आकडा आमच्या गावांना परका कधीच नव्हता.

खेळ सोपा होता. शून्य ते नऊ यांपैकी तीन आकडे काढायचे. समजा २, ५, ८ आले. ही झाली पत्ती. बेरीज १५, तिचा शेवटचा अंक ५, हा ओपन. नंतर पुन्हा तीन आकडे काढायचे. १, ३, ४ आले तर बेरीज ८, हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी ५८. दर गावागणिक थोडे बदलत, पण सर्वसाधारण हिशेब असा: एका आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद.

आता दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला असं धरा. बुकीकडे जमले १० रुपये. आकडा कुठलाही येवो, त्याने वाटले ९. जोडीत शंभर जणांचे १०० जमले, वाटले ९०. बुकीला कुणाचं नशीब ओळखायची गरजच नाही. आकडा येण्याची खरी शक्यता दहात एक आहे आणि तो पैसे नऊच देतो. शक्यता आणि भाव यांच्यातला हा एक रुपया म्हणजे त्याची रोजीरोटी.

पत्तीत ही फट आणखी रुंद होते. प्रत्येक अंक येण्याची शक्यता सारखी धरली, तर तीन वेगळ्या अंकांची एखादी पत्ती हजारात ६ वेळा येते; तिला रुपयाला १४० मिळत. हजार रुपयांतले ८४० परत. तिन्ही अंक सारखे असलेली पत्ती हजारात एकदाच येते आणि तिला ६०० मिळत. म्हणजे हजारातले ४०० रुपये बुकीकडे. बक्षीस जितकं मोठं, तितकी कपात मोठी.

आमच्या आळीत एक गृहस्थ होते. जुने आकडे वहीत उतरवून ठेवायचे, वर्षानुवर्षांचे. कोणत्या वारी काय आलं, सात किती दिवस आला नाही, सगळं तोंडपाठ. बेरजा-वजाबाक्या कधी चुकल्या नाहीत. पण सात महिनाभर आला नाही म्हणून उद्या तो येण्याची शक्यता वाढत नाही. ती दहात एकच राहते. त्या सगळ्या वह्यांत दहा आत, नऊ बाहेर, हा एवढासा हिशेब मात्र कुठेच नव्हता. शंभर रुपये लावायचे, जे हाती येईल ते पुन्हा लावायचं, असं केलं तर सरासरीने सातव्या खेपेला ४८च्या आसपास उरतात. त्यांचं रान असंच गेलं. एका रात्रीत गेलं असतं तर घरच्यांच्या निदान लक्षात तरी आलं असतं.

आता बास्केटबॉल. १.९१ म्हणजे १०० रुपये लावून जिंकलात तर हातात एकूण १९१. −११० ही त्याच भावाची अमेरिकन मांडणी: १०० नफा हवा तर ११० लावा. आणि +१५० म्हणजे १०० लावले तर नफा १५०. एनबीएत एक संघ पुष्कळदा दुसऱ्यापेक्षा बराच तगडा असतो, म्हणून त्याच्यावर आधी बोजा टाकतात. −६.५ असं दिसलं तर त्या संघाने किमान सात गुणांनी जिंकायला हवं. मग दोन्ही बाजूंचा भाव बहुधा सारखा होतो: इकडेही १.९१, तिकडेही १.९१.

इथे मटक्याचंच गणित लावा. १ भागिले १.९१ म्हणजे ५२.४ टक्के. दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ १०४.७. खऱ्या शक्यतांची बेरीज १००च्या वर जाऊच शकत नाही. वरचे पावणेपाच टक्के ही मालकाची जागा. दोन्ही बाजूंना सारखे पैसे लागले, तर शंभरातले साधारण साडेचार रुपये त्याचे.

मटक्यात दहा, इथे साडेचार; म्हणजे हे स्वस्तच की! पण मटक्याच्या एका बाजारात दिवसाला दोनदाच आकडा निघायचा. मोबाईलवर सामन्याच्या चारही पाळ्यांवर, एकेका खेळाडूच्या गुणांवर, खेळ चालू असतानाही पैसे लावता येतात. शिवाय चार अंदाज एकत्र बांधून मोठं बक्षीस दाखवतात. चारही १.९१ चे असतील तर कपात गुणत जाते आणि शंभरातले जवळजवळ १७ रुपये जातात. ही जुनी पत्तीच आहे.

भावाभोवती पैसा जमला की खेळालाही कीड लागते. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे काही खेळाडू पकडले गेले. जिंका, पण कमी फरकाने जिंका, यासाठी त्यांनी पैसे घेतले होते. २०२४ मध्ये टोरांटो संघाच्या जॉन्टे पोर्टरवर एनबीएने कायमची बंदी घातली. त्याने आपल्या तब्येतीची आतली माहिती सट्टेबाजाला दिली होती आणि आजारपण सांगून सामना अर्धवट सोडला होता. वह्या भरणाऱ्याला या गोष्टी कशा कळणार?

आपल्याकडे मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी परदेशी साइटची लिंक फोनवर येतेच, म्हणून हे गणित पाठ असलेलं बरं.

महाभारतातला नळ द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता अचूक सांगितली आणि नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवली. तिच्या बळावर नळाने पुष्कराकडून राज्य परत जिंकलं. त्या पटावर दोन भाऊच होते. एकाचं गेलं ते सगळं दुसऱ्याला मिळालं. मधे बसून दर डावाला दहावा हिस्सा काढून घेणारा तिसरा कुणी नव्हता. रुपयाला नऊच्या खेळात नळाची विद्या त्याला एवढंच सांगू शकली असती, की आकडा कुठलाही आला तरी एक रुपया आधीच उचलला गेला आहे.