एका चाकावरचा तोल

बेळगावच्या दक्षिणेस, खानापूर तालुक्यात, नंदगड हे बाजारपेठेचे जुने गाव वसले आहे. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णा यांना येथेच फाशी देण्यात आले, आणि त्यामुळे या गावाचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले. या भूभागाची दुसरी ओळख म्हणजे येथील माती. खानापूरची मातीची भांडी व कौले यांची कीर्ती मोठी आहे. कुंभाराचे जुन्या पद्धतीचे चाक जमिनीत रोवलेल्या एका खुंटीवर फिरते. जोवर त्याला वेग आहे तोवर ते सरळ राहते. वेग ओसरला की ते डुलू लागते आणि अखेर एका अंगास कलते. गती आहे तोवर तोल आहे, हा सृष्टीचा नियम या मुलखातल्या कुंभाराला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक आहे. सर्कशीतला खेळाडू एका चाकाच्या सायकलीवर बसून हाच नियम आपल्या अंगाने सिद्ध करून दाखवीत असतो. फरक इतकाच की, त्याचे चाक आडवे नसून उभे असते, आणि खुंटीच्या जागी तो स्वतः असतो.

या विद्येचा इतिहास पाहू जाता तिच्या दोन धारा बेळगाव व कृष्णाकाठ या प्रदेशातून वाहत आलेल्या दिसतात. पहिली धारा सायकलीची व दुसरी सर्कशीची होय.

सायकलीची हकीकत प्रथम पाहावी. १८७० च्या सुमारास युरोपात जी उंच सायकल प्रचारात आली, तिचे पुढचे चाक पुरुषभर उंचीचे व मागचे अगदी लहान असे. पायडल पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असत. चालवणारा एकाएकी थांबू पाहील, तर मागचे लहान चाक जमिनीवरून उचलले जाई आणि स्वार क्षणभर एकाच मोठ्या चाकावर तोलला जाई. बहुतेकांचा तो क्षण तोंडावर पडण्यात संपे. परंतु काही साहसी खेळाडूंच्या मनात असे आले की, मागचे चाक मुळी काढूनच टाकले तर काय होईल? एकचाकी सायकलीचा जन्म या अपघातातून झाला असे मानण्यात येते. पुढे १८८५ साली इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल तयार झाली, १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव व्यवहारात आणली, आणि सायकल सर्वसामान्यांच्या वाहनाच्या पदवीस पोचली. रस्त्यावर जिचा उपयोग नव्हता ती एकचाकी मात्र रंगमंचावर व सर्कशीच्या रिंगणात जाऊन राहिली.

त्याच १८८८ साली बेळगावात एक घटना घडली. मुंबईत शिक्षकाचे काम करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तेथे सायकल पाहिली, आणि या वाहनाचा व्यापार करता येईल हे त्यांच्या चाणाक्ष दृष्टीने हेरले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या आणि वडील बंधू रामूअण्णा यांनी त्या बेळगावात विकावयाच्या, असा हा बंधुद्वयाचा उद्योग सुरू झाला. पुढे लोखंडी नांगर व यंत्रे यांमुळे देशभर गाजलेल्या किर्लोस्कर बंधूंच्या कारखानदारीचा पाया असा सायकलीच्या दुकानात घातला गेला. त्या काळी एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात असत.

या पंधरा रुपयांकडे इतिहासकारांचे सहसा लक्ष जात नाही. परंतु त्यांत एक मोठा अर्थ साठलेला आहे. वस्तू विकत घेता येते, विद्या मात्र कोणी तरी शिकवावी लागते. सायकल विकणाऱ्याने ती शिकविण्याची जबाबदारीही पत्करली, आणि तोल ही गोष्ट मोबदला घेऊन, पद्धतशीरपणे शिकविता येते, असे मानले.

दुसरी धारा सर्कशीची. अंकलखोप या कृष्णाकाठच्या गावचे विष्णुपंत छत्रे हे गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरला गेले, तेथे हद्दूखाँ यांच्याकडे गायन शिकले आणि अश्वविद्येतही पारंगत झाले. १८७९ च्या सुमारास इटालियन सर्कसवाले कियारिनी मुंबईस आले होते. तसला खेळ हिंदी लोकांना उभारता यावयाचा नाही, अशा आशयाचे बोलणे त्यांच्या तोंडून निघाले, आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, असे सांगितले जाते. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. सांगली, म्हैसाळ, तासगाव या टापूतून पुढे देवल, कार्लेकर, परशुराम माळी अशा नावांच्या सर्कशी निघाल्या, आणि सर्कस हा मराठी माणसाचा धंदा आहे असे हिंदुस्थानभर मानले जाऊ लागले. विष्णुपंतांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या तंबूबरोबर त्यांचे गुरुबंधू रहिमतखाँ यांच्यासारखा अलौकिक गवईही हिंडत असे. घोड्यावरचा तोल व सुरावरचा तोल यांत विष्णुपंतांना परकेपणा वाटला नाही.

विष्णुपंतांच्या दूरदृष्टीचा आणखी एक पुरावा आहे. १८८७–८८ च्या सुमारास त्यांची सर्कस मलबारातील तेलीचेरी येथे गेली असता, कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांचा परिचय झाला. तेथील कळरीपयट्टु या युद्धविद्येत तरबेज झालेली मुले पाहून, सर्कशीसाठी अशी मुले कुञ्ञिकण्णन यांनी तयार करावी, असे उभयतांमध्ये ठरले. १९०१ साली कुञ्ञिकण्णन यांनी तेलीचेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीच्या शिक्षणाची शाळाच काढली. या शाळेच्या परंपरेतून केरळात एकामागून एक सर्कशी निघाल्या, आणि विसाव्या शतकात सर्कशीचे केंद्र कृष्णाकाठाहून हळूहळू मलबाराकडे सरकले. मराठी सर्कशीत विद्या तंबूत राहिली. मामाने भाच्याला द्यावी, उस्तादाने शागिर्दाला द्यावी, अशी तिची रीत होती. १९०२ साली पुण्यास जन्मलेले दामू धोत्रे हेही मामाच्या सर्कशीत बालपणीच शिकले आणि पुढे वाघसिंहांचे शिक्षक म्हणून अमेरिकेपर्यंत गाजले. मामाचा तंबू होता म्हणून भाचा घडला. तंबू उठला की अशा घडणीची जागाही उठते. शाळा मात्र शिक्षकामागून शिक्षक पाहत टिकू शकते. एकाच भेटीतून निघालेल्या दोन वाटांचा हा निरनिराळा परिणाम विचार करण्यासारखा आहे.

आता एकचाकीची विद्या म्हणजे नेमके काय, हे थोडे पाहिले पाहिजे. या सायकलीस साखळी नाही, ब्रेक नाही, हातात धरावयास दांडी नाही. पायडल थेट आसालाच जोडलेली असल्यामुळे पाय थांबला की चाक थांबते आणि पाय उलटा फिरला की चाक मागे जाते. शिकणारा प्रथम भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घेतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे सारा भार पायांवर घेणे. तो भार बैठकीवर सोडावा लागतो. पायांनी केवळ चाकाला हुकूम द्यावयाचा. शरीर पुढे झुकले की चाक वेगाने पुढे घेऊन ते शरीराखाली आणावयाचे, मागे झुकले की वेग आवरावयाचा. म्हणजे हा खेळाडू सतत पडतच असतो, आणि प्रत्येक पडणे पुरे होण्यापूर्वी चाक त्याच्याखाली येऊन पोचते. एका अंगास कलल्यास कंबर व खांदे वळवून चाक त्या दिशेस न्यावे लागते.

सरळ जाणे जमले की खरी विद्या सुरू होते. पहिला कठीण डाव म्हणजे एकाच जागी राहणे. एक पाय खाली ठेवून चाक सुमारे अर्धा फेरा पुढे व अर्धा फेरा मागे, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवीत ठेवावयाचे. दोन्ही पायडली वर व खाली अशा एका रेषेत आल्या की पायाचा जोर चालत नाही. तो आंधळा बिंदू झोक्याच्या ओघात ओलांडावा लागतो. त्यानंतर उलटे जाणे, एकाच पायाने चालविणे, चाकासह उड्या घेत जागा बदलणे असे डाव येतात. पुढे तर पायडली सोडून देऊन तळव्यांनी धावेलाच ढकलीत चालावयाचे असते. साखळीने जोडलेली, पुरुषाच्या डोक्याहून उंच एकचाकी ही त्यानंतरची पायरी. आणि तीवर बसून हातांनी चेंडू झेलीत राहणे ही त्याच्याही पुढची. प्रत्येक डाव आधीच्या डावावर उभा असतो. मधली पायरी गाळून वर गेलेल्यास जमीन लवकर भेटते.

अशी विद्या कोवळ्या वयात लवकर अंगी मुरते, हे सर्कसवाल्यांना ठाऊक होते. परंतु याच ठिकाणी या इतिहासाची काळी बाजू आहे. तंबूत शिकणाऱ्या अनेक मुलांचे बालपण त्या शिक्षणाची किंमत म्हणून गेले. घर सुटले, शाळा सुटली, आणि कित्येकांच्या वाट्याला मारही आला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी, २००१ साली, वाघसिंहादी प्राण्यांच्या खेळांवरील बंदीही न्यायालयाने कायम केली होती. हे निर्णय माणुसकीस धरूनच होते, यात शंका नाही. एखादी कला जगावी म्हणून मूल खर्ची घालावे, असे कोणताही सुजाण समाज म्हणणार नाही. तथापि तंबूतील मुलांचा मार्ग बंद झाल्यावर त्या विद्येसाठी दुसरा कोणता मार्ग मोकळा करावयाचा, हा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवावयाचा नसून समाजाने सोडवावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर जपानने दिले आहे. तेथे १९८९ साली प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेत एकचाकी सायकलीस स्थान मिळाले, आणि शाळांच्या मैदानांवर लहान मुले, विशेषतः मुली, ती चालवू लागली. ज्या वयात तंबूतले मूल पोटासाठी शिकत होते, त्याच वयात हे मूल खेळ म्हणून शिकते, आणि संध्याकाळी घरी जाते. या खेळाची जागतिक स्पर्धा १९८४ साली अमेरिकेत प्रथम भरली. आंतरराष्ट्रीय संघटनेने कौशल्याच्या दहा पायऱ्या ठरवून दिल्या असून, आधाराशिवाय चढून पन्नास मीटर जाणे ही त्यांतील पहिली पायरी होय. उस्तादाच्या मुठीत असलेली विद्या अशा रीतीने कोणाही शिक्षकाच्या हाती देता येण्याजोगी झाली.

या साऱ्या गोष्टींचा मेळ घातला असता एक गोष्ट स्पष्ट होते. बेळगावात रामूअण्णांच्या काळी सायकल शिकविण्याचे पंधरा रुपये घेतले जात होते, चिरक्करा येथे १९०१ साली शाळा निघाली, आणि जपानने मैदानावर चाक आणले. या तिन्ही ठिकाणी तोल ही दैवी देणगी न मानता शिकविण्याजोगी गोष्ट मानली गेली. नंदगडसारख्या गावांतील मुले मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारीत, तोल शिकत आलीच आहेत. गुडघे फोडून घेण्याची त्यांची तयारी कधीच कमी पडलेली नाही. ज्या कृष्णाकाठाने हिंदुस्थानाला सर्कस दिली आणि ज्या बेळगावने सायकलीचा व्यापार पहिल्या काळात पाहिला, त्या प्रदेशातील शाळांच्या मैदानांवर एका चाकाला जागा मिळणे ही नवलाईची गोष्ट ठरू नये. तंबूतून निघालेल्या विद्येला आता घर हवे आहे, आणि शिकणाऱ्या मुलाला संध्याकाळी परत जावयास घर राहील अशाच ठिकाणी ते असले पाहिजे.