कोयता, लांब दांडा आणि दोन राजे



मध्ययुगीन युरोपातली लढाई म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो चकचकीत चिलखतातला सरदार आणि त्याच्या हातातली तलवार. कृपा सिनेमावाल्यांची. प्रत्यक्षात पायदळातल्या साध्या माणसाकडे बरेचदा लांब दांड्याचं हत्यार असायचं. इंग्लंडात त्यातलं सगळ्यात नेहमीचं म्हणजे 'बिल' (दर महिन्याला येतं ते नव्हे :-)). आज त्याच्याबद्दल थोडं. विषय रक्ताळलेला आहे, पण त्यातलं इंजिनिअरिंग विचार करायला लावणारं आहे.

बिल हे मुळात लढाईचं हत्यारच नाही. इथले शेतकरी कुंपणाच्या फांद्या छाटायला जो आकडीदार कोयता वापरतात, त्याला बिलहूक म्हणतात. पात्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे फांदी ओढून धरायची आणि त्याच झटक्यात छाटायची. आमच्या सांगलीकडच्या माणसाला ऊसतोडीचा कोयता आठवल्याशिवाय राहणार नाही. या कोयत्याला सहा ते आठ फुटांचा दांडा लावला, वर एक टोकदार खिळा आणि मागच्या बाजूला एक चोच काढली, की झालं बिल. वजन साधारण दोन ते तीन किलो.

हे कुणाच्या हातात असायचं हेही बघण्यासारखं आहे. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे हत्यार बाळगायचं ठरवून दिलं होतं. श्रीमंताने घोडा आणि चिलखत ठेवायचं. ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगांहून कमी, त्याने गिझार्म आणि सुऱ्या. गिझार्म म्हणजे बिलाचाच भाऊबंद. आपल्याकडचा शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा, तसाच हा. फरक एवढाच की याच्याकडे घोडा नव्हता.

आता कापण्याकडे वळू. लांब दांडा फिरवला की टोकाचा वेग वाढतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे आपण सगळे शिकलोय. पण दांडा वाढवला की तो फिरवायला लागणारा जोरही वाढतो, आणि एकदा हुकलेला वार आवरायला वेळ लागतो. म्हणून दोन्ही हातांनी पेलता येईल अशा सहा-आठ फुटांवर गाडी थांबली. दांडा बहुधा ॲशच्या लाकडाचा, कारण ते धक्का सोसतं. बरेचदा तो गोल न ठेवता चौकोनी किंवा अष्टकोनी तासत. कारण साधं आहे. धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता हाताला कळलं पाहिजे. पातं जरा तिरकं पडलं तर ते कापत नाही, नुसतं आपटतं. हॅलबर्डसारख्या हत्यारांत पात्यापासून खाली दांड्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या दिसतात, म्हणजे समोरच्याने दांडाच तोडू नये.

एवढं करून हे हत्यार चिलखत कापायचं का? नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, गोलाई दिलेला पोलादी पत्रा धारेला दाद देत नाही. वार घसरून जातो. बिलाची खरी करामत बाकीच्या दोन भागांत आहे. आकड्याने माणसाला घोड्यावरून किंवा पायातून ओढून पाडायचं, खिळा बगलेत किंवा गुडघ्यामागच्या फटीत घालायचा. पात्याचं काम त्यानंतर सुरू होतं, जिथे पत्रा नाही तिथे.

याचा पुरावा लेस्टरला सापडला. तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत पडला. २०१२ मध्ये एका कारपार्कखाली त्याचा सांगाडा मिळाला आणि २०१४ मध्ये त्याच्या जखमांचा अभ्यास 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या सुमाराच्या ११ जखमा, त्यातल्या ९ कवटीवर. हातांवर बचावाच्या खुणा नाहीत, म्हणजे अंगावर चिलखत शाबूत असावं. पण डोक्यावरचं शिरस्त्राण गेलेलं होतं. कवटीच्या तळाशी एक मोठा घाव आहे, तो तलवारीचा किंवा हॅलबर्ड-बिलासारख्या हत्याराचा असू शकतो असं अभ्यासकांचं मत. थोडक्यात, पत्रा होता तिथे राजा सुरक्षित, पत्रा नव्हता तिथे संपला.

दुसरा राजा स्कॉटलंडचा चौथा जेम्स. ९ सप्टेंबर १५१३, नॉर्थंबरलंडमधलं ब्रँक्स्टन गाव, फ्लॉडनची लढाई. जेम्सने त्या काळचं सगळ्यात आधुनिक हत्यार आणलं होतं, स्विस पद्धतीचा पाईक. (मराठीतला पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, हा नुसता भाला, पण लांबी साडेपाच मीटरच्या आसपास!) पाईक एकट्या माणसाचं हत्यार नाहीच. शेकडो लोक खांद्याला खांदा लावून वेगाने चालून गेले तरच ती भिंत होते. समोर सत्तरीतला अर्ल ऑफ सरे आणि त्याचे बिलवाले. कागदावर पाहाल तर सामना एकतर्फी, कारण पाईक बिलाच्या दुप्पट लांब.

पण टेकडीच्या पायथ्याशी एक दलदलीचा ओढा होता. उतारावरून आलेली स्कॉट रांग त्यात रुतली आणि विस्कटली. वेग गेला, रांग मोडली, आणि साडेपाच मीटरचा भाला एकेकट्याच्या हातात ओझं झाला. बिलवाला भाल्याच्या टोकाच्या आत शिरला की पाईकवाल्याकडे उत्तर नव्हतं. डरहॅमचा बिशप टॉमस रुथॉल याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. बिलांनी स्कॉटांच्या लांब भाल्यांचं काही चालू दिलं नाही, ही एक. दुसरी अशी की चार-पाच बिलं एकाच वेळी पडली तरी ते धिप्पाड लोक खाली पडत नव्हते. चिलखतापुढे धारेचं किती चालत होतं ते यातून कळतं. तरीही संध्याकाळपर्यंत जेम्स आणि त्याच्याबरोबर हजारो स्कॉट मेले होते.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच मैदानावर, डाव्या बाजूच्या होम आणि हंटली यांच्या पाईकवाल्यांनी समोरची इंग्रज फळी पहिल्या धडकेत मोडली होती. त्यांच्या वाटेत ती दलदल तशी आडवी आली नाही. हत्यारं तीच, जमीन वेगळी. म्हणून "कुठलं हत्यार श्रेष्ठ" या वादाला माझ्या मते फारसा अर्थ नाही. आधी विचारायचं ते कुठल्या जमिनीवर, कुणाच्या हातात आणि कशासमोर.

हाच प्रश्न आपल्याकडेही लावून बघा. मराठ्यांकडे बिलासारखं हत्यार का रुजलं नाही? आपली ताकद घोडदळात होती. बिलाला दोन्ही हात आणि जमिनीवर दोन्ही पाय लागतात. स्वाराचा एक हात लगामावर. म्हणून भाला, तलवार आणि दोरी लावलेला विटा, फेकायचा आणि ओढून घ्यायचा. घनदाट रांगेत उभं राहायचंच नसेल तर आठ फुटी कोयता काय कामाचा?

असो. रिचर्डचे अवशेष २०१५ मध्ये लेस्टर कॅथेड्रलमध्ये सन्मानाने पुरले गेले. जेम्सचं नाव तर स्कॉटलंडात शाळकरी पोरांनाही माहीत. पण त्यांच्यावर वार करणारे ते ४० शिलिंगांच्या आतले लोक कोण होते, ते कुठे नोंदलेलं नाही. ब्रँक्स्टनच्या टेकडीवर १९१० मध्ये उभारलेला क्रॉस आहे, तो दोन्ही देशांच्या शूरांसाठी आहे आणि त्यावर एकाही शिपायाचं नाव नाही. हिस्टरीच्या होमवर्कच्या निमित्ताने मुलांना घेऊन कधीतरी तिकडे जाऊन या. खाली उतरून ओढ्याच्या खोलगटापर्यंत चालून बघा. लढाईचा निकाल तिथे पायांना कळतो. आणि लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये खरी बिलं बघता येतात, प्रवेश फुकट. (बिलं बघायला बिल नाही!)