पगाराच्या चिठ्ठीची कुळकथा

कळंब तालुक्यात कापसाची बोंडं फुटली की वेचणीचा दर गावभर होतो. किलोमागे किती, हे ठरल्याशिवाय बाया शेतात उतरत नाहीत. एकीचा भाव दुसरीला ठाऊक असतो. याच तालुक्यातली इंजिनिअर झालेली मुलगी पुण्यात नोकरी शोधू लागली की तिला विचारतात, "आधीचा पगार किती? तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा." कंपनी किती देणार, हे मात्र शेवटपर्यंत गुलदस्त्यात.

ही चिठ्ठी जन्मली ती कामगाराच्या बाजूने. गिरण्या-कारखान्यांत पगार महिनोन् महिने तुंबे, मन मानेल तसा दंड कापला जाई. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात यावर बोट ठेवले. कामगारनेते ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. या अहवालातून १९३६चा वेतन कायदा आला. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, आणि कोणत्या चुकीला दंड होईल त्याची यादी कामाच्या जागी लावा, असे त्याने बजावले. १९४८च्या किमान वेतन कायद्याने मजुरीच्या दराची नोटीस लावणे मालकाला भाग पाडले. केंद्राच्या १९५०च्या नियमांनी तर वेतनाची चिठ्ठी वाटपाच्या किमान एक दिवस आधी देण्यास सांगितले. म्हणजे हिशेबात खोट असेल तर पैसे घेण्याआधीच विचारता यावे. कापसाचे जिनिंग-प्रेसिंगही महाराष्ट्रात किमान वेतनाच्या यादीत आले.

पुढे खासगी नोकऱ्यांत जुन्या पगारावर अमुक टक्के वाढ देण्याची रीत पडली आणि चिठ्ठीने बाजू बदलली. पहिल्या नोकरीत कमी मिळाले, की ते कमीपण दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीतही मागे लागते. बाळंतपणासाठी थांबलेल्या बाईला आणि लहान गावातून आलेल्याला हे जास्त भोवते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ साली जुना पगार विचारण्यावर बंदी घालणारा कायदा केला. कोलोरॅडोत २०२१पासून जाहिरातीतच पगाराचा किमान-कमाल आकडा द्यावा लागतो. युरोपीय संघाने २०२३च्या निर्देशात दोन्ही गोष्टींना हात घातला: जुना पगार विचारायचा नाही, आणि नवा किती ते उमेदवाराला आधी सांगायचे.

आपल्याकडे १९७६चा समान वेतन कायदा झाला. त्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. ती चिठ्ठी द्यायला लावते, पण नवा मालक ती मागतो त्याला आडकाठी करत नाही. सरकारी भरतीत मात्र आकडा आधीच छापतात. २०२३च्या तलाठी भरतीत वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० अशी उघड होती, आणि जुना पगार विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

तलाठ्याच्या जागेला जमते ते कंपनीच्या जागेला न जमण्याचे काही कारण नाही. कायदा येईल तेव्हा येवो, स्लिप मागणाऱ्याला उमेदवाराने आधी विचारावे, "या जागेसाठी तुम्ही किती ठेवले आहेत?"