वाफ, वीज कीं पेट्रोल?

शहरांतल्या शहरांत फिरण्यासाठीं एक लहानशी मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत पहिला वाद रंगाचा होतो आणि दुसरा एंजिनाचा. रंगाचा वाद लौकर मिटतो. एंजिनाचा मात्र दिवसेंदिवस लांबतो. कारण त्यांत एका बाजूस किंमत, दुसऱ्या बाजूस रोजचा खर्च, आणि या दोहोंच्याही पलीकडे ‘वाटेंत बंद पडली तर काय?’ ही धास्ती असते. पेट्रोलची घ्यावी, गॅसची घ्यावी, कीं सरळ विजेवर चालणारी घ्यावी, या प्रश्नापाशीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें आज जशीं अडखळतात, तशींच सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील व युरोपांतील सुखवस्तु कुटुंबें अडखळलीं होतीं. त्यांच्यापुढें वाफ, वीज व पेट्रोल असे तीन मार्ग होते. त्यांतून पेट्रोल निवडलें गेलें हें सर्वांस ठाऊक आहे. तें कां निवडलें गेलें याविषयीं मात्र एक समजूत विनाकारण रूढ होऊन बसली आहे. पेट्रोलचें एंजिन मूळचेंच सरस होतें म्हणून तें जिंकलें, असें मानलें जातें. इतिहास तशी साक्ष देत नाहीं.

सन १९०० सालीं अमेरिकेंत एकंदर ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं वाफेवर चालणाऱ्या १,६८१, विजेवर चालणाऱ्या १,५७५, आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. म्हणजे चार गिऱ्हाइकांत एकही पुरता पेट्रोलच्या वांट्यास येत नव्हता! वेगाच्या बाबतींतही तीच गोष्ट. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटार विजेची होती. कामिय् जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ आशेर येथें ती चालविली. पुढें १९०६ सालीं फ्लॉरिडांतील समुद्रकांठच्या वाळूवर ताशीं १२७ मैलांवर वेग गांठला तो स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या मोटारीनें. इतकेंच काय, अमेरिकेंत अतिवेगाबद्दल मोटार हांकणाऱ्यास पोलिसांनीं प्रथम पकडलें तें न्यूयॉर्कमध्यें, १८९९ च्या मे महिन्यांत, आणि तोही विजेच्या भाड्याच्या गाडीचा चालक होता. त्याचा अपराध ताशीं बारा मैल!

तेव्हां त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या जागीं उभें राहून या तीन गाड्यांकडे पाहिलें पाहिजे.

वाफेची मोटार चालविण्यास अत्यंत सुखाची होती. तींत गिअर नव्हते, क्लच नव्हता. वाफेची कळ उघडली कीं गाडी जागच्या जागीं पूर्ण जोरानें ओढूं लागे. चढावर तर तिचा हात कोणी धरीत नसे. फ्रान्सिस व फ्रीलन स्टॅन्ली हे जुळे बंधु मूळचे फोटोग्राफीच्या कांचा तयार करणारे कारखानदार. त्यांपैकीं फ्रीलन यानें १८९९ च्या ऑगस्टांत पत्नीसह आपली वाफेची गाडी माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यापर्यंत नेली, तेव्हां तें पाहून पुष्कळांचा संशय फिटला. अडचण होती ती गाडी सुरू होण्यापूर्वीं. आपल्याकडे सकाळीं बंब पेटवून पाणी तापेपर्यंत आंघोळीस खोळंबून बसण्याचा अनुभव ज्या घरांनीं घेतला आहे, त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको. थंड गाडीचा बॉयलर तापून वाफ तयार होण्यास वीस मिनिटें, अर्धा तास लागे. आणि एकदां निघाल्यावर तीसचाळीस मैलांत टांकीचें पाणी संपे, कारण वापरलेली वाफ हवेंत सोडून दिली जाई. बॉयलर फुटेल अशी भीति लोकांस वाटे ती वेगळीच. वास्तविक स्टॅन्लीच्या बॉयलरास पियानोच्या पोलादी तारेचे वेढे घट्ट गुंडाळलेले असत व तो फार मजबूत होता. परंतु आसनाच्या पुढेंमागें कोठेंतरी जाळ पेटलेला आहे, ही जाणीव मजबुतीनें जात नाहीं.

विजेची मोटार या सर्वांहून सभ्य. आवाज नाहीं, धूर नाहीं, वास नाहीं. दांडा पुढें सारला कीं गाडी चालली. शहरांतील फेरफटका, बाजार, भेटीगाठी, नाटकगृह, इतक्या कामांस ती पुरून उरे. डेट्रॉइट शहरांत १९०७ पासून ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नांवाच्या गाड्या होऊं लागल्या. त्या ताशीं वीसपंचवीस मैल चालत, आणि आंतून त्यांची सजावट एखाद्या दिवाणखान्यासारखी असे. पेट्रोलच्या मोटारीनें सारें जग भरून टाकणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः कोणती मोटार चालवीत होती? १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक! फोर्डच्या घरांतील ही साक्ष एखाद्या जाहिरातीपेक्षां अधिक बोलकी आहे. पण याच गोष्टीनें विजेच्या मोटारीचें नुकसानही झालें. ती ‘बायकांची मोटार’ ठरली, आणि विकणाऱ्यांनींही तसेंच तिचें वर्णन चालविलें. मग ज्या घरांत पैसा पुरुषाच्या हातीं, त्या घरांत पुरुषास शोभेल अशी म्हणून दुसरीच मोटार येऊं लागली. सोयीची वस्तु नाजूक ठरवून मागें सारण्याची ही रीत केवळ मोटारींपुरती नाहीं.

राहिली पेट्रोलची. ती धडधडे, हादरे, घाण वास सोडी, गिअर बदलतांना करकरे. सुरू करण्यासाठीं समोर उभें राहून हॅण्डल मारावें लागे. ठिणगी वेळेआधीं पडली तर एंजिन उलटा झटका देई आणि हॅण्डल हातावर आदळे. मनगटें मोडत, क्वचित् जबडाही फुटे. असें असूनही तिच्याजवळ एक गुण होता. डब्यांत भरून नेतां येईल अशा थोड्याशा द्रव पदार्थावर ती लांब जाई, आणि तो पदार्थ आडगांवच्या वाणसामानाच्या दुकानींही मिळूं शके. रॉकेल काढल्यावर उरणारें हें पेट्रोल तेलवाल्यांस पूर्वीं अडगळच वाटे. १९०१ च्या जानेवारींत टेक्सासमध्यें स्पिंडलटॉपची विहीर उसळली आणि तेलाची ददात पुष्कळ काळ मिटली.

खरा निकाल लागला तो गाड्यांच्या बाहेर. वाफेच्या मोटारीस वाटेंत पाणी लागे, आणि तें मिळे घोड्यांसाठीं रस्तोरस्तीं बांधलेल्या हौदांतून. १९१४ सालीं अमेरिकेंत गुरांच्या लाळ-खुरकताच्या रोगाची सांथ आली आणि ती पसरूं नये म्हणून ठिकठिकाणचे हे हौद बंद करण्यांत आले. गुरांच्या रोगानें मोटारीचा घसा कोरडा पडावा, हें कोणत्या कारखानदारानें आधीं हिशेबांत धरलें असतें? स्टॅन्ली बंधूंनीं पुढें वाफेचें पुन्हां पाणी करणारें यंत्र बसविलें. परंतु गाडी जड झाली, महाग झाली, आणि १९२४ च्या सुमारास कारखाना बंद पडला. कॅलिफोर्नियांत अब्नर डोबल यानें तर एका मिनिटाच्या आंत वाफ तयार होणारी अप्रतिम गाडी बनविली. ती इतकी महाग होती कीं पुरत्या पन्नासही तयार झाल्या नाहींत.

विजेच्या मोटारीची कथा अधिक मनाला लागण्यासारखी आहे. कारण तिचे दोष जाणणारे लोक आरंभापासून होते आणि त्यांवर त्यांनीं उपायही शोधला होता. बॅटरी जड, ती लौकर उतरते, आणि भरावयास रात्र जाते, हे ते दोष. लंडनमध्यें वॉल्टर बर्सी यानें १८९७ च्या ऑगस्टांत विजेच्या भाडोत्री गाड्या सुरू केल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून लोकांनीं त्यांस ‘हमिंगबर्ड’ हें पांखराचें नांव दिलें. परंतु टायर झिजत, बॅटरीचे कांचेचे भाग फुटत, आणि १८९९ त तो व्यवहार आटोपला. न्यूयॉर्कच्या कंपनीनें अधिक हुशारी केली. ब्रॉडवेवरील एका जुन्या स्केटिंगच्या सभागृहांत तिनें आपलें ठाणें केलें. गाडी आंत आली कीं उतरलेली बॅटरी यंत्रानें ओढून बाहेर काढावयाची, भरलेली आंत सरकवावयाची, आणि कांहीं मिनिटांत गाडी पुन्हां रस्त्यावर. घोडे बदलून टपाल पुढें धाडण्याची जुनी रीत तीच ही. बॅटरी गिऱ्हाइकानें विकत घ्यावयाची नाहीं, फक्त प्रवासाचें भाडें द्यावयाचें, ही कल्पनाही तींत आलीच. कल्पना वाईट नव्हती. कंपनी मात्र अवाढव्य भांडवलाच्या, मक्तेदारीच्या आणि पेटंटांच्या भानगडींत शिरली, बॅटऱ्यांची निगा ढिसाळ राहिली, लोकांचा विश्वास उडाला, आणि १९०७ त दिवाळें वाजलें. त्याचबरोबर बॅटरी बदलण्याची कल्पनाही बदनाम झाली, हें अधिक दुर्दैवाचें. एडिसननें पुढें निकेल-लोखंडाची टिकाऊ बॅटरी सिद्ध केली. १९१४ सालीं त्याच्या साहाय्यानें फोर्ड स्वस्त विजेची मोटार काढणार अशी वार्ताही पसरली. पण ती मोटार बाजारांत आलीच नाहीं.

वीज जेथें तारेच्या सोबतीनें आली तेथें मात्र ती उत्तम चालली. मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ पर्यंत तिनें शहराची सेवा केली. ट्रामला आपली शिदोरी पाठीवर वाहावी लागत नव्हती. मोटारीस ती लागे, आणि शहराच्या वेशीबाहेर पडल्यावर ती भरून देणारा कोणी नव्हता. अमेरिकेसारख्या देशांतही १९३५ च्या सुमारास दहा शेतघरांपैकीं जेमतेम एकास वीज मिळाली होती. मोटार घेणारा रोज शहराबाहेर जात नसे हें खरें; पण वर्षांतून एकदां जातां यावें, एवढ्यासाठीं तो वर्षभराची सोय सोडावयास तयार झाला. मनुष्यस्वभावाचा हा भाग हिशेबाच्या वहींत बसत नाहीं. किंमतीचा भाग मात्र बसतो. १९१२ सालीं विजेची एक उघडी मोटार १,७५० डॉलरांस पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरांस मिळे. फोर्डची ‘टी’ मोटार १९०८ सालीं निघाली तेव्हां साडेआठशें डॉलरांच्या घरांत होती. १९२५ त तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरांस मिळूं लागला.

आणि मग हॅण्डलचा प्रश्न सुटला. तो सुटला विजेनेंच! डेटन येथील चार्ल्स केटरिंग यानें पूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर बसविली होती. त्यांत त्याच्या ध्यानांत आलें होतें कीं मोटर क्षणभरच चालवावयाची असेल तर लहानशीही पुष्कळ जोर देऊं शकते; सतत चालवावयाची असेल तरच ती मोठी लागते. हेंच तत्त्व त्यानें एंजिन फिरविण्यास लावलें. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत त्याची ही योजना आली. एंजिन सुरू झालें कीं तीच मोटर उलट बॅटरी भरून काढी आणि दिवेही लावी. विजेच्या मोटारीचा सर्वांत मोठा सद्गुण, म्हणजे विनाकष्ट सुरू होणें, तो अशा रीतीनें प्रतिस्पर्ध्याच्या घरीं गेला. ज्या बॅटरीला लोकांनीं नाकारलें, तिला त्यांनीं पेट्रोलच्या गाडींत मुकाट्यानें जागा दिली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनी मागणीप्रमाणें एखाददुसरी गाडी करीत १९३९ पर्यंत कशीबशी टिकून राहिली.

या निवडीची किंमत कोणी मोजली? एंजिन ठोके देऊं नये म्हणून केटरिंगच्याच प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यानें १९२१ सालीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालण्याची युक्ति शोधली. १९२४ त न्यू जर्सींतील कारखान्यांत तें तयार करणारे मजूर भ्रम होऊन मरण पावले. तरीही विक्री थांबली ती थोड्या काळापुरतीच. भारतांत शिसेयुक्त मोटार-पेट्रोल २००० सालीं बंद झालें आणि जगांतील शेवटचा पंप, अल्जिरियांत, २०२१ त. मधल्या काळांत शहरांतील मुलांच्या रक्तांत हें शिसें गेलें. १९०० सालीं मोटारीच्या दुकानांत उभ्या असलेल्या कुटुंबास यांतलें कांहींही दिसणें शक्य नव्हतें.

आतां पुन्हां तीन-चार गाड्या एका रांगेंत उभ्या आहेत. मुंबईंत नळीच्या गॅसचें जाळें पसरूं लागलें तें १९९५ त महानगर गॅस कंपनी निघाल्यावर. पुढें धुराच्या तक्रारी न्यायालयांत गेल्या आणि शहरांतील काळ्यापिवळ्या टॅक्सी गॅसवर आल्या. एंजिनाची निवड तेथें टॅक्सीवाल्यानें केली असें म्हणण्यापेक्षां नळीनें व न्यायालयानें केली असें म्हणणें अधिक बरोबर होईल. पंपावरील रांग मात्र टॅक्सीवाल्याच्या वांट्यास आली. विजेच्या मोटारीसंबंधानें आज घरोघर जो प्रश्न निघतो, तोही बॅटरी किती मैल जाईल यापेक्षां इमारतीच्या आवारांत ती भरण्यास जोडणी मिळेल कीं नाहीं, सोसायटीची सभा त्यास मान्यता देईल कीं नाहीं, हाच अधिक असतो. आणि भारतांतील कांहीं शहरांत विजेच्या रिक्षांना व दुचाकींना उतरलेली बॅटरी काढून भरलेली देणारीं केंद्रें निघालीं आहेत. चालक थांबतो, पेटी बदलतो, दोन-चार मिनिटांत पुढच्या भाड्यास निघून जातो.