रुमणं आणि हँडल

नांगराचं रुमणं मोडलं की माझे वडील सुताराकडं जायचे, पण मोकळ्या हातानं नाही. बाभळीचं एखादं नीट लाकूड त्यांनी आधीच हेरून, सावलीला वाळवून ठेवलेलं असायचं. सुतारानं ते तासायचं, बसवायचं, पाचर ठोकायची. रोख पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं. उंची मात्र वडील स्वतः धरून बघायचे. सुतार चिडला तर म्हणायचे, "दिवसभर तू धरनार हाईस का मी?" म्हणजे मोडतोड दुसऱ्यानं दुरुस्त करायची, पण कशी झाली ते ज्यानं धरायचं त्यानं बघायचं.

मी दहावीला बसलो तेव्हा आमच्या वाडीत एकही मोटारसायकल नव्हती. पुढं दुधाचा धंदा वाढला आणि राजदूत आली. एस्कॉर्ट्स कंपनीची, 175 सीसीची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणारी. 1973 च्या 'बॉबी' सिनेमातली ती छोटी राजदूत शहरातल्या पोरांसाठी. आमच्याकडं आली ती दणकट, दोन्ही अंगाला कॅन लटकवणारी. चाळीस लिटरचा कॅन दुधानं भरला की माणसाच्या वजनाच्या जवळ जातो. असे दोन अडकवून खडीच्या रस्त्यानं पहाटे जायचं. गाडी पडली की आधी दूध जायचं आणि मग हँडल.

शोरूम जिल्ह्याच्या गावाला. एक दिवस जायला, एक यायला, तेवढ्यात दोन वेळचं दूध कुणी घालायचं? मजुरीपेक्षा हा खाडाच महाग. म्हणून दूधवाले स्वतः हँडल खोलायला शिकले. क्लच वायर, ब्रेकची वायर, अ‍ॅक्सिलेटरची वायर, हॉर्न-लाइटची दोन-चार वायरी आणि क्लॅम्पचे बोल्ट, एवढाच पसारा.

पण हँडल सरळ करणं आणि नवं बसवणं यात लोक गल्लत करायचे, अजून करतात. पाइप घालून दोघांनी ओढलं की हँडल सरळ दिसतं. वाकून सरळ झालेल्या लोखंडातला जीव मात्र गेलेला असतो. आमच्या शेजारच्या तात्यांनी तर तडा गेलेलं हँडल वेल्डिंग करून घेतलं. दोन महिने चाललं. मग एका उतारावर, खड्ड्यात चाक आपटलं आणि उजवी मूठ ब्रेकसकट त्यांच्या हातात आली. गळपट्टीचं हाड मोडलं, हंगाम गेला, दोन म्हशी विकल्या. वाडीत तेव्हापासून वाकलेलं हँडल भंगारात जातं.

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर स्ट्रोक, ऑइल मिसळायची कटकट नाही, पेट्रोल कमी. मागोमाग तालुक्याला शोरूम झाली, फुकट सर्व्हिसिंगची कार्डं आली. गाडी बिघडेना तशी माणसांच्या हातातली पान्याची सवय सुटली. हे चांगलंच झालं असं मी म्हणेन, कारण रोज नख काळं करून घेण्यात कसली मर्दुमकी? फक्त, बघायची सवयही सुटली, ते वाईट.

आमच्या थोरल्याची गाडी घसरली तेव्हा शोरूमवाल्यानं सांगितलं, दोन दिवस गाडी ठेवा. मी नुसतं हँडल विकत घेतलं. बाजारातल्या काही हँडलांना स्विचच्या डबीची खुंटी बसायचं भोकच नसतं. मग लोक खुंटी छाटतात आणि मूठ पिळली की सगळी डबी फिरते. म्हणून जुनं हँडल शेजारी ठेवून माप जुळवूनच घ्यावं. पुढं डिस्क ब्रेक असेल तर तेलाची डबी नळीसकट सोडवून उभीच बांधून ठेवायची. नळीवर लोंबकळू द्यायची नाही, उघडायचीही नाही. सगळं बसलं की गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. इंजिनाचा आवाज चढला तर अ‍ॅक्सिलेटरची वायर ताणतेय, आणि अशी गाडी वळणावर आपोआप पळेल. ही तपासणी झाल्याशिवाय मी पोराला किल्ली दिली नाही. दीड तास लागला, त्यात चहा धरला आहे.

शोरूमला जाऊच नये असं मात्र मी कुणाला सांगत नाही. नवं हँडल सरळ बसवूनही पुढचं चाक तिरकं दिसलं, तर मार खाली शॉकअपला किंवा चॅसीला बसलाय. ते अंगणातलं काम नव्हे. बोल्ट किती आवळला ते दाखवणारा पाना त्यांच्याकडं असतो, आपल्याकडं नुसता अंदाज. शिवाय 2019 पासून नव्या गाड्यांना 125 सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय सक्तीची झाली. त्या ब्रेकात ज्याला कळत नाही त्यानं हात घालू नये.

परवा पुतण्या आला. त्याला उंच, रुंद हँडल हवं होतं, फोटोत ऐटदार दिसतं म्हणून. लावून बघितलं तर ब्रेकची नळी पुरेना. मी त्याला शोरूमला पाठवलं. तिथल्या पोरानं त्याची समजूत घालून मूळ मापाचंच हँडल त्याच्या गळ्यात मारलं, आणि ते बसवायला पुतण्या संध्याकाळी माझ्याकडं आला.